जिन्याखालची रेंजर आणि क्रोमची बीएमएक्स: काय ठेवावे आणि कशावर खर्च करावा

ठाण्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नौपाड्यातील त्यांच्या आईवडिलांची इमारत पुनर्विकासाला जाणार असून, घर रिकामे करताना तळमजल्यावरच्या जिन्याखालून त्यांच्या दोन जुन्या सायकली निघाल्या. एक शाळेतली, २० इंची चाकांची आणि क्रोमच्या फ्रेमची, बीएमएक्स (मातीवर पळवायच्या छोट्या शर्यती सायकलीच्या) धाटणीची. दुसरी कॉलेजातली, २६ इंची, बिनगिअरची हिरो रेंजर. ते स्वतः आता घोडबंदर रस्त्यालगतच्या एका संकुलात राहतात, वय सत्तेचाळीस आहे आणि मुलगी दहा वर्षांची आहे. रेंजर दुरुस्त करून स्वतः येऊरच्या डोंगरावर न्यावी आणि बीएमएक्स मुलीला द्यावी, असे त्यांच्या मनात आहे. घरच्यांचे म्हणणे असे की दोन्ही भंगारात घालाव्यात आणि दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घालून गिअर व शॉकअप असलेली एक नवी सायकल आणावी. यात शहाणपणाचे काय, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला लोखंडाचा आहे: इतकी वर्षे जिन्याखाली उभ्या राहिलेल्या सायकली रस्त्यावर आणण्याइतक्या शाबूत आहेत का, आणि त्यासाठी किती खर्च करावा. दुसरा प्रश्न असा की त्या सायकलींवर बसल्यावर तुम्हाला जे वाटत असे, ते आज पुन्हा कशाने मिळेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाना हातात घेऊन तासाभरात मिळते. दुसऱ्याला थोडा विचार लागतो. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुनी सायकल घेऊन येणारे बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर पैसे ओतून शोधतात: चकचकीत रंग, नवे स्टिकर, नवी सीट. त्यानंतर सायकल दोन रविवार फिरते आणि पुन्हा पार्किंगच्या कोपऱ्यात जाते. म्हणून माझे मत आधीच सांगतो. फ्रेम शाबूत असेल तर रेंजर ठेवा, तिच्या चालण्यावर खर्च करा आणि दिसण्यावर करू नका. बीएमएक्सही ठेवा, पण ती मुलीची एकमेव सायकल आहे असे समजू नका. आणि शॉकअपवाली नवी सायकल निदान या कारणासाठी तरी घेऊ नका. यातले प्रत्येक विधान परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून कारणेही सविस्तर देतो.

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. ठाण्याची हवा खाडीची, दमट. त्यामुळे वरवरचा गंज प्रत्येक जुन्या सायकलीवर असतोच आणि त्याची फार काळजी करू नये. मात्र सायकली तळमजल्यावर होत्या हे महत्त्वाचे आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात किंवा नंतरच्या एखाद्या पावसाळ्यात त्या जिन्याखाली पाणी शिरले होते का, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. उभ्या सायकलीत शिरलेले पाणी फ्रेमच्या सर्वांत खालच्या जागी, म्हणजे पायडलचा धुरा ज्या आडव्या नळीत फिरतो त्या बीबीमध्ये, साचून राहते आणि फ्रेमला आतून खाते. बाहेरून सायकल ठणठणीत दिसते.

तपासणीची सुरुवात बीबीपासूनच करावी. सीटचा नट सैल करून सीटचा पाइप बाहेर काढा आणि सायकल उलटी करून हलवा. काही वेळा आतून तांबूस पाणी किंवा बारीक पूड पडते. पूड पडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पापुद्रे पडू लागले तर मात्र आतल्या पत्र्याची जाडी गेली आहे असे समजावे. मग बीबीचा तळ आणि तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहाव्यात. टोक नुसते खरवडत असेल तर ठीक. रुतत असेल, तर त्या फ्रेमवर एक रुपयाही खर्च करू नये. लहान पान्याने नळ्यांवर हलके ठोकून पाहण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे, कारण चांगली नळी खणखणीत वाजते आणि खाल्लेली नळी बद्द आवाज देते. एवढ्याने नक्की निदान होत नाही, पण कुठे अधिक बारकाईने पाहायचे ते कळते.

दुसरी जागा हँडलच्या खालची आहे आणि ती तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाची ठरू शकते, कारण या सायकलींवरून उड्या मारल्या जात. सायकल कठड्यावर समोरून आदळली किंवा ढिगाऱ्यावरून पुढच्या चाकावर उतरली, की खालची तिरकी नळी जिथे हँडलच्या नळीला जोडलेली असते तिथे, खालच्या बाजूला, बारीक सुरकुती किंवा फुगवटा येतो. रंगावर केसासारखी आडवी रेघ दिसते. अंगठा फिरवला तर डोळ्यांआधी बोटाला कळते. सोबत चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दोन पायांचा दांडा, बाजूने पाहावा: तो हँडलच्या नळीच्या रेषेतून खाली येऊन शेवटी किंचित पुढे वळलेला असायला हवा. मध्येच मागे दबलेला दिसला, तर ती जुनी धडक आहे. चिमटा बदलता येतो. सुरकुती पडलेली फ्रेम मात्र मी कुणालाही चालवू देत नाही, कारण ती मोडते तेव्हा आधी इशारा देत नाही.

फ्रेम आणि चिमटा ठीक निघाले तर पुढचे सगळे काम नेहमीच्या ओव्हरऑइलिंगचे, म्हणजे भाग उघडून, साफ करून, ग्रीस भरून पुन्हा बसवण्याचे आहे, फक्त सावकाश करण्याचे. सीटचा पाइप किंवा हँडलची दांडी गंजून अडकली असेल तर मोठा पाना लावून पिळू नये. गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. हँडलच्या दांडीचा वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकावे. आतली पाचर सुटते आणि दांडी मोकळी होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर सोडवण्याच्या नादात तुम्ही ते आणखी आवळाल.

बीबी उघडताना पहिला अडथळा कॉटर पिनचा असतो. त्या काळच्या बिनगिअरच्या सायकलींना क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धुऱ्यावर बहुधा कॉटर पिन नावाच्या पाचरीने बसवलेली असे, आणि गंजलेली पिन घाईने ठोकली की हमखास वाकते. पद्धत अशी आहे: पिनचा नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी समतल होईपर्यंत सैल करावा, क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा जाड तुकडा आधाराला द्यावा, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जाईल, आणि हातोडीचे दहा हलके ठोके न मारता एक नेमका घाव घालावा. पिन निघाली तरी ती पुन्हा वापरू नये. जुनी पिन खिशात घालून दुकानात जावे आणि त्याच जाडीची नवी घ्यावी, कारण जाडीत थोडासा फरक असला तरी दोन्ही पायडल एका रेषेत बसत नाहीत.

बीबीची डाव्या बाजूची वाटी (छर्रे जिच्यात बसतात ती) उघडली की आतले दृश्य फारसे प्रसन्न नसते. ग्रीस वाळून मेणासारखे झालेले असते, त्यात छर्रे चिकटलेले असतात आणि धुऱ्यावर जिथे छर्रे फिरतात तिथे दोन पट्टे उमटलेले असतात. डिझेलने पुसून ते पट्टे उजेडात पाहावेत. पट्टा गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर धुरा चालेल. त्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर धुरा आणि वाट्या दोन्ही बदलाव्यात; नुसते नवे छर्रे घालून ती करकर जात नाही. छर्रे मात्र काहीही झाले तरी नवेच घालावेत. बीबीमध्ये पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा सुटे; मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधोमधच्या तुंब्यात) तेच पाव इंची, बाजूला नऊ; पुढच्या हबमध्ये तीन-सोळांश इंची, बाजूला दहा. उजवीकडची वाटी, तिच्यात खड्डे नसतील तर, जागेवरच पुसून घ्यावी. तिचेही आटे उलटे असतात आणि विनाकारण काढायला गेल्यास बीबीचे आटे बिघडण्याची भीती असते.

हब नीट बसले आहे की नाही हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. चाक उचलून हलके फिरवून सोडावे. कोन, म्हणजे धुऱ्यावरचा छर्रे दाबून धरणारा निमुळता नट, बरोबर आवळलेला असेल तर चाक सावकाश थांबत येते, व्हॉल्व्हच्या वजनाने किंचित मागे झुलते आणि व्हॉल्व्ह खाली ठेवून स्थिर होते. मध्येच अडकून थांबले तर कोन घट्ट आहे. रिम धरून बाजूला हलवल्यावर टकटक लागली तर सैल आहे. त्यानंतर चाकाचा आऊट काढावा, म्हणजे डुगडुगणारे चाक स्पोक आवळून सरळ करावे. तीस वर्षे न हललेल्या स्पोकच्या निपल्स (रिमजवळचे छोटे नट) लगेच फिरवू नयेत. प्रत्येकीवर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवावे. एवढे करूनही लागोपाठ स्पोक तुटू लागले तर त्या चाकाशी झगडण्यात अर्थ नाही.

आणि इथेच मी एका गोष्टीवर खर्च करायला सांगेन. जुन्या सायकलींच्या रिम स्टीलच्या, क्रोम केलेल्या असतात. कोरड्या दिवशी त्यांवर ब्रेक ठीक लागतो. पावसात ओल्या क्रोमवर ब्रेक ब्लॉक जवळजवळ नुसता घसरतो, आणि येऊरचा उतार उतरताना हे कळले तर उशीर झालेला असतो. लहानपणी आपण पावसातही याच रिम वापरत होतो हे खरे आहे, पण तेव्हा गोखले रोडवर आजच्याइतकी वाहने नव्हती आणि आपले वजनही निम्मे होते. रेंजरला ॲल्युमिनियमच्या रिम घालून घ्या. जुन्या हबची छिद्रे मोजून तितक्याच छिद्रांची रिम घ्यावी लागते. नव्या केबल आणि नवे ब्रेक ब्लॉक घालणे तर अनिवार्यच आहे. जुने रबर दगडासारखे कडक झालेले असते.

टायर घेताना एक गफलत फार होते. दुकानात नुसते २६ इंच सांगू नका. एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, २६ इंची टायर आणि जुन्या हलक्या रोडस्टरचा, म्हणजे साध्या रस्त्यावरच्या सायकलीचा, २६ गुणिले १ ३/८ इंची टायर हे दोन वेगळे टायर आहेत. पहिल्याच्या रिमचा बैठकीचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो आणि दुसऱ्याचा ५९०. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. जुन्या टायरच्या बगलेवर ५७-५५९ असा आकडा वाचता आला तर तोच सांगावा. बीएमएक्सच्या जाड २० इंची टायरसाठी हा आकडा ४०६ असतो. दोन्ही मापे आजही सहज मिळतात, कारण लहान मुलांच्या आणि साध्या एमटीबीच्या सायकली अजून त्याच मापात बनतात. रस्त्यावरच चालवणार असाल तर खडबडीत बटणांचा टायर न घेता मधली पट्टी सलग असलेला टायर घ्या. डांबरावर बटणांची घरघर आणि ओढ दोन्ही वाचतात.

खर्चाचा अंदाज लागेल म्हणून तोही सांगतो. टायर, ट्यूब, केबल, ब्लॉक, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चक्र), पिना, छर्रे आणि मजुरी मिळून माझ्याकडे अशा सायकलीला सध्या साधारण ३,००० ते ४,५०० रुपये लागतात. रिम आणि स्पोक बदलले तर ते वेगळे. चेन बदलायची की नाही हे मोजून ठरवता येते: चोवीस कड्यांची लांबी बरोबर १२ इंच असायला हवी. ती १/१६ इंचाने वाढली असेल तर चेन बदलावी आणि फ्रीव्हीलचे दातही पाहावेत.

रंगाबद्दल थोडक्यात. वागळे इस्टेट आणि रबाळे-महापे पट्ट्यात पावडर कोटिंग करून देणारे पुष्कळ आहेत आणि काम टिकाऊ होते, पण बीबीचे आटे आणि हँडलच्या नळीच्या वाट्यांच्या जागा झाकायला त्यांना आवर्जून सांगावे लागते, नाहीतर नंतर आटे साफ करण्यात दिवस जातो. माझा सल्ला मात्र रंग न करण्याचा आहे. तुमची सायकल तुम्ही ओळखता ती तिच्यावरच्या ओरखड्यांवरून आणि अर्धवट सोललेल्या स्टिकरवरून. ते पुसून टाकले तर उरते ती एक साधी जुनी फ्रेम, नव्या रंगाची. कुठे घासावेच लागले तर ओल्या पॉलिश पेपरने घासा आणि तोंडाला मास्क लावा. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. क्रोमवरचे गंजाचे ठिपके चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून चोळल्यास बरेच निघतात.

आता दुसऱ्या, माझ्या मते मुख्य, प्रश्नाकडे वळतो.

या दोन्ही प्रकारच्या सायकली मुळात रस्त्यासाठी जन्मलेल्या नाहीत. बीएमएक्सची सुरुवात १९७० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात झाली; मोटोक्रॉसच्या शर्यती पाहून मुलांनी श्विन कंपनीच्या १९६३ साली आलेल्या स्टिंग-रे सारख्या २० इंची सायकली मातीच्या चढउतारांवर पळवायला घेतल्या. एमटीबीची गोष्टही त्याच दशकातली, उत्तर कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीची. तिथे काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घेतलेल्या शर्यतीला पुढे रिपॅक हे नाव पडले, कारण एका उतारातच मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. १९७७ साली जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली आणि १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीच्या स्टंपजंपरने हा प्रकार मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला. १९९६ साली एमटीबी आणि २००८ साली बीएमएक्स ऑलिंपिकमध्येही गेली.

आपल्याकडे या सायकलींचे रूप आधी आले. तुमच्या बीएमएक्सच्या हँडलवरच्या आडव्या नळीवर फोमची गुंडाळी आणि पुढे आकडा छापलेली प्लास्टिकची पाटी असेल, निदान होती असे तुम्हाला आठवत असेल. फोम शर्यतीत तोंड आपटू नये म्हणून असे आणि पाटी स्पर्धकाच्या क्रमांकासाठी. ठाण्या-वाशीच्या मुलांना शर्यत ठाऊक नव्हती. पण पाटीवर आकडा असलेली सायकल गल्लीत पहिली आली की बाकीच्यांच्या सायकली एका संध्याकाळीत म्हाताऱ्या होत. मैदान मात्र आपल्याकडे होते. सिडकोच्या नेरूळ-सानपाड्याकडच्या रिकाम्या प्लॉटवर मुरमाचे ढीग पडलेले असत, ठाण्यात प्रत्येक दुसऱ्या गल्लीत बांधकामाची रेती असे, आणि त्या ढिगांवरून सायकल उडवणे हा बहुतेकांचा सुट्टीतला मुख्य उद्योग होता. कॅलिफोर्नियातल्या मुलांनी जे केले तेच, वेगळ्या ढिगावर.

तेव्हा जे वाटत असे त्यामागे भूमितीही आहे, आणि ती समजली तर खर्च कुठे करायचा ते आपोआप कळते. पायडलच्या धुऱ्यापासून मागच्या चाकाच्या धुऱ्यापर्यंतचे अंतर बीएमएक्समध्ये साधारण ३५ ते ३८ सेंटिमीटर असते. आजच्या २९ इंची एमटीबीत ते ४३ ते ४५ च्या घरात जाते. हे अंतर जितके कमी, तितके चालवणाऱ्याचे वजन मागच्या चाकाजवळ येते आणि हँडल ओढताच पुढचे चाक उचलले जाते. त्यात लहान चाक लगेच वेग घेते, उंच हँडल हाताला जोर देते आणि खाली ठेवलेली सीट तुम्हाला उभे राहायला भाग पाडते. या सायकली बसून चालवायच्या नव्हेतच. उभे राहून, शरीर पुढे-मागे टाकत, दोन-तीनशे मीटर पळवायच्या, मागचा ब्रेक मारून रेतीवर आडव्या काढायच्या आणि पुन्हा वळायच्या. तुम्हाला आठवते ते हे आहे. लांबचे अंतर कापणे त्यात कुठेच नव्हते.

म्हणूनच शॉकअपवाल्या नव्या सायकलीने ते मिळणार नाही, असे मी म्हणतो. कमी किमतीच्या सायकलीतला शॉकअप म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग असते. तिला दाबणे आणि उसळणे माहीत असते, उसळी आवरणे माहीत नसते. उभे राहून पायडल मारले की तुमचा बराच जोर ती गिळते, पुढचे चाक उचलायला गेलात की आधी ती लांब होते आणि मग चाक उठते. वर तिचे वजन वेगळेच. खडकाळ उतारासाठी चांगल्या प्रतीचा शॉकअप जरूर हवा, पण चांगल्या प्रतीचा म्हणजे घरच्यांनी मनात धरलेल्या रकमेच्या कितीतरी पुढचा. तुमच्या रेंजरचा साधा, कडक चिमटा या कामाला त्यापेक्षा बरा आहे.

येऊरसाठी मात्र रेंजर आहे तशी चालणार नाही. बिनगिअरच्या २६ इंची सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५ मीटर पुढे जाते. उपवनवरून वर येऊर गावाकडे जाणाऱ्या चढावर सत्तेचाळिशीच्या गुडघ्यांना हे जड आहे, मग कॉलेजात असताना तुम्ही तो चढ कसाही काढला असो. मागे २२ दातांचे फ्रीव्हील घातले की एका फेऱ्यात ४.१ मीटरच्या आसपास अंतर पडते आणि चढ निदान झुंजण्याजोगा होतो. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, पण तुम्हाला वेग नकोच आहे. सीटची उंचीही त्या दिवशी वाढवा: पायडल सर्वांत खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. परत संकुलाच्या आवारात खेळायचे असेल तेव्हा ती खाली घ्या. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि गुडघेदुखीची बरीच प्रकरणे खेळण्याच्या उंचीवरची सीट ठेवून लांब फिरल्यामुळे होतात. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतला वनभाग आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळा फाटकावर विचारून घ्या, उजेड असतानाच उतरा आणि पायवाटांवर सायकल घालू नका. दर रविवारी हाच चढ नियमित करायचा मानस असेल, तर मग गिअरची, बिनशॉकअपची हलकी सायकल स्वतंत्रपणे घ्यावी. रेंजरवर गिअर बसवण्याचा खटाटोप करू नये, कारण मागचे हब, धुऱ्याची रुंदी, चेन आणि शिफ्टर सगळेच बदलावे लागते आणि शेवटी दोन्हींचे सुख मिळत नाही.

घोडबंदर रस्त्यावरून तिथवर सायकल नेण्याबाबत माझा सल्ला बहुतांशी नकाराचा आहे. अवजड वाहने आणि सेवारस्त्यावरची उलटी वाहतूक पाहता पहाटेची वेळ सोडून तो प्रयोग करू नये. हेल्मेट घालाच. पडण्याची सवय मोडलेली असते आणि पंचेचाळिशीनंतर हात टेकून पडलो की मनगट जाते. त्यामुळे पुढचे चाक उचलण्याचा पहिला प्रयत्न गवतावर किंवा मातीवर करावा, पार्किंगच्या फरशीवर नव्हे.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी. दहाव्या वर्षी बहुतेक मुले २० इंची सायकलीतून बाहेर पडण्याच्या बेतात असतात, आणि शाळेला, शिकवणीला किंवा तुमच्याबरोबर फिरायला तिला लवकरच २४ इंची लागेल. बीएमएक्सचे तसे नाही, कारण ती लहान असणे हेच तिचे काम आहे. संकुलात खेळायला ती आणखी काही वर्षे सहज चालेल. तेव्हा ती तिला जादा सायकल म्हणून द्या. देण्यापूर्वी हँडलच्या दोन्ही टोकांना प्लग आहेत ना ते पाहा: ग्रिप फाटून उघडी पडलेली नळी पडताना पोटात घुसू शकते आणि अशा दुखापती गंभीर असतात. जुने ब्रेक लिव्हर मोठ्या हातांच्या मापाचे आणि कडक असतात. तिला दोन बोटांनी ब्रेक दाबता येत नसेल तर लहान लिव्हर घाला, केबल नवी टाका. चेनकव्हर तुटले असेल तर बदला.

आणि तिला ही सायकल हवी आहे का, हे आधी विचारा. पुष्कळ वडील स्वतःची सायकल मुलांच्या हाती देतात आणि मूल ती सौजन्यापोटी दोन दिवस चालवते. तिला नको असेल तर आग्रह करू नका. बीएमएक्सचे ब्रेक आणि टायर नीट करून ती तुम्हीच चालवा. मोठ्या माणसाने २० इंची सायकलीवर बसू नये असा काही नियम नाही, प्रौढांच्या बीएमएक्सही २० इंचीच असतात, फक्त त्यांची फ्रेम लांब असते. मुलांच्या फ्रेमवर गुडघे हँडलला लागतात, म्हणून ती उभ्यानेच आणि थोडा वेळच चालवावी लागेल, आणि तुमचे वजन जास्त असेल तर तिच्यावरून उड्या नकोत.

घर रिकामे करण्याची तारीख जवळ असेल तर बाकी काही ठरवण्याआधी दोन्ही सायकली तिथून हलवून कोरड्या जागी ठेवा आणि सीटच्या पाइपभोवती स्प्रे मारून ठेवा. मग खालच्या तिरक्या नळीचा हँडलजवळचा आणि बीबीच्या तळाचा असे दोन जवळून घेतलेले फोटो, टायरवरचे आकडे आणि प्रत्येक चाकातल्या स्पोकची संख्या कळवा. फ्रेम ठेवण्याजोगी आहे की नाही आणि कुठले भाग आणायचे, ते तेवढ्यावरून सांगता येईल.